गंगाधरकाकांना जागा पसंत पडत नाही

आमच्या पुसेगावचे गंगाधरकाका गाडी लावायला जागा बघतात, तेव्हा पोरीसाठी स्थळ बघायला निघाल्यासारखे बघतात. आधी जीप रस्त्यातच उभी करून खाली उतरतात. जमीन पायानं दाबून पाहतात. वर झाड असलं तर त्यावर कोणकोणते पक्षी राहतात त्याचा अंदाज घेतात. शेजारच्या गाडीचा मालक कोणत्या गावचा, दार कसं उघडतो, याची चौकशी करतात. मग मान हलवून म्हणतात, "बराबर न्हाई," आणि परत जीपमध्ये बसतात.

त्यांच्या भाचीच्या लग्नात मुहूर्ताची वेळ झाली, नवरीला मामानं आणायचं, आणि मामाचा पत्ता नाही. शेवटी माईकवरून पुकारा झाला, "नवरीचे मामा, गाडी आहे तिथं ठेवा अन् मांडवात या!" काका मांडवामागं जीप हलवत होते. स्वयंपाकाचा धूर तिकडं वळला होता म्हणे.

अशा माणसाबरोबर ऐन दिवाळीच्या सुटीत चिखलदऱ्याला जायचं कोण कबूल करील? मी आणि माझ्या बायकोनं केलं. काकूंनी बोलावलं म्हणून. काकू ओसरीवरून पडल्या आणि कंबरेचं हाड मोडलं, तेव्हापासून वॉकर धरून घरातल्या घरात फिरतात. गल्लीच्या टोकापलीकडचं त्यांनी कित्येक महिन्यांत काही पाहिलं नव्हतं. त्यांना पुढच्या सीटवर बसवलं, आम्ही दोघं मागं, आणि निघालो.

घाट झकास चढलो. वर मात्र गाडीला गाडी चिकटलेली. आमच्या पुढच्या गाडीतली माणसं उतरली, कणसं भाजून घेतली, खाल्ली आणि चालत येऊन आपल्याच गाडीत परत बसली. गाडी तेवढ्यात एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत गेली होती.

गावाच्या तोंडाशीच पार्किंगचं मोठं मैदान होतं. शिट्टीवाला हात हलवून बोलावत होता, "आओ चाचा, पूरा खाली है!"

काकांनी काचेतून नुसतं पाहिलं. "बराबर न्हाई."

"काका, एवढी जागा आहे की इथं क्रिकेट खेळता येईल," मी म्हणालो.

"तुमी खेळा. आमी पुढं चाललो."

पुढं एका हॉटेलासमोर जागा मिळाली. ती नको. देवळापाशी मिळाली. तीही नको. मग दरीच्या कठड्याला लागून उभी असलेली एक गाडी निघाली. मी उडी मारून त्या जागेत हात पसरून उभा राहिलो. काका आले. काय वाटलं कोण जाणे, कठड्यासमोर उकिडवे बसले, मान इकडं तिकडं केली आणि उठले.

"न्हाई. बराबर न्हाई."

मागं हॉर्नचा कल्ला उठला. एक पोरगा काच खाली करून ओरडला, "अंकल, घर बांधायचंय का इथं?"

"बांधलं तर तुला वास्तुशांतीला सांगतो," काका म्हणाले आणि शांतपणे गिअर टाकला.

मी परत मागं येऊन बसलो, तेव्हा माझी बायको माझ्या कानात जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही. काकू मात्र पदर तोंडाला लावून हसत होत्या. "मला पाह्यला आले तवाबी तीनदा आले व्हते. तिसऱ्या बारीला माझा बाप म्हणला, पाव्हणं, पोरगी पाहून राहिले का आमची म्हैस?" मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "अवो, लावा कुठंबी. मी गाडीतच बसते. तुमी सगळे पाहून या."

काकांनी जीप आणखी पुढं काढली.

रस्त्याच्या शेवटी ताडपत्रीची एक चहाची टपरी होती. तिच्यासमोर एक कुटुंब गाडी लावून पोहे खात होतं. काका उतरून त्यांच्यापाशी गेले. दिवस लहान झालाय, घाटात वळणं वाईट, लेकरं संगं हायेत, असं इतक्या काळजीनं समजावलं, की त्या माणसानं अर्धी प्लेट सोडून गाडी सुरू केली. काकांनी जीप आत घातली, मागं घेतली, पुन्हा पुढं घेतली. काकूंची खिडकी दरीकडं आली, तेव्हा इंजिन बंद केलं.

इथं कठडा ढासळून गुडघ्याएवढाच राहिला होता. पलीकडं सगळा डोंगर उघडा पडलेला. हिरव्यावर हिरवं, आणि तळाशी उन्हात चमकणारं पाणी.

"अगं माय!" काकू म्हणाल्या आणि खिडकीला टेकल्या.

मी चहा आणायला टपरीवर गेलो. चहावाली काकांकडं बघून हसली. "हे बाबा आले का परत?"

"परत?"

"मागच्या आठवड्यात एकलेच आले होते ना, एसटीनं. माझं स्टूल मागितलं. मले वाटलं पाय दुखून राहिले असतील. तर हे कठड्याच्या कडंकडंनं स्टूल मांडून बसून राहिले. इथं बस, तिथं बस. लोक फोटो काढून राहिले यांचे! म्हटलं, बाबा, काय पाहता? तर म्हणे, बसल्या माणसाला दरी कुठून दिसते ते पाहतो."

मी चहाचे ग्लास घेऊन जीपपाशी आलो. काका दरीकडं पाठ करून रस्त्यात उभे होते. कोणी कठड्याच्या मधे गाडी लावली तर काकूंच्या आड येईल, म्हणून येईल त्याला हात करून पुढं घालवत होते.

"काका, तुम्ही बसा आत. मी थांबतो इथं."

"तुमाला जमायचं न्हाई."

"जमेल. बसा."

बऱ्याच वेळानं ते काकूंच्या शेजारी जाऊन बसले. मी रस्त्यात हात पसरून उभा होतो, कान मात्र जीपकडं.

"तिकडं खाली पाहा ना," काकू सांगत होत्या, "पांढरं पांढरं हाय. गाव हाय का वो ते?"

काका त्यांच्या खांद्यावरून वाकले. "कुठं? मला न्हाई दिसत. दाखव बरं."