जवाई गाडीतून उतरेना

धावजी राठोडचा राग साऱ्या तांड्याला ठाऊक होता. पण त्या सकाळी तो ज्या वस्तूवर भडकला होता ती मुठीएवढीही नव्हती. लोहाऱ्यात किसनसिंग मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये त्याची गाडी जॅकवर चढली होती, चारही चाकं निघाली होती आणि किसनसिंगनं त्याच्या तळहातावर फोमचा एक पिवळा तुकडा ठेवला होता.

"हे काय हाय?"

"बंप स्टॉप. शॉकअपच्या दांड्यावर बसते. गाडी खड्ड्यात दबली का यावर टेकते, मंग लोखंडावर लोखंड आपटत नाही. तुमच्यावाल्याचा तर भुगा झाला."

धावजीनं तो तुकडा दोन बोटांत दाबला. तो दबला, आणि धावजीचं माथं सणकलं.

"हा काय पाव हाय? चहात बुडवून खाऊ?"

माणूस उगाच भडकत नव्हता. आठ दिवसांपूर्वी सोयाबीनची सहा पोती आणि बायको असा सगळा माल एकाच गाडीत घालून तो यवतमाळला निघाला होता. गतिरोधकावर गाडी धाडकन आपटली. जमनी म्हणाली, "माही कंबर गेली." हा म्हणाला, "सीट नीट धरत जा." जमनी यवतमाळच्या स्टँडवर उतरली आणि एसटीनं थेट केळापूरजवळच्या तांड्यात, भावाकडे गेली. तिचा निरोप आला होता : गाडीचं आपटणं थांबलं तर येते, नाहीतर इथंच कापूस वेचीन. आठ दिवस स्वतःच्या हातची भाकरी खाऊन धावजीचे गाल बसले होते.

"सहा पोत्यांत भुगा?" तो किसनसिंगवर ओरडला. "आमच्या पणज्यानं बैलायवर लदेणी केली, पार हैदराबादेपर्यंत मीठ-धान्य नेलं. एक बैल कुरकुरला नाही!"

"बैलाले शॉकअप नसते, धावजीभाऊ."

"अन् ही झालर कायची? शॉकअपले बायकायचा घागरा, फेटिया नेसवतं काय?"

"ते डस्ट कव्हर हाय. धूळ आत गेली का सील फाटते, तेल गळते."

"ते बसव. रबर मी आणतो."

त्यानं यवतमाळची तीन दुकानं पालथी घातली. मऊ दिसेल ते रबर परत केलं आणि प्रत्येक दुकानदाराशी भांडण केलं. शेवटी मालवाहू जीपचं काळं, जाडजूड, वीतभर उंच रबर त्याला पसंत पडलं. त्यात नख रुतेना. काउंटरवर आपटून पाहिलं तर दुकानदाराचा चहा सांडला. धावजीनं लगेच चार घेतली.

किसनसिंगनं कपाळावर हात मारला. "हे लई उंच हाय. गाडी उभ्या जागीच यावर टेकंल. दबायले जागाच राह्यणार नाही."

"मले दबायलेच नको हाय!"

"मंग स्प्रिंग कायले देली कंपनीनं? निदान इंचभर कापू तरी द्या."

"नवं सामान कापतं काय कोणी? गाडी कोणाची हाय?"

या प्रश्नापुढे जगातल्या कुठल्याच मिस्त्रीचं काही चालत नाही. किसनसिंगनं गपगुमान रबरं बसवली, वर झालर चढवली, नट आवळले. गाडी मान ताठ करून उभी राहिली आणि धावजी खूश होऊन केळापूरच्या रस्त्याला लागला.

पहिल्या गतिरोधकावर गाडी खरंच आपटली नाही. ती उडाली, आणि तिच्याबरोबर धावजीही. दुसऱ्याला त्याचं डोकं टपाला लागलं. पुढे खड्डे सुरू झाले तसा तो ठेकेदारावर चिडला, मग आमदारावर, मग समोरून येणाऱ्या बैलबंडीवर, आणि बैलबंडी जास्त आरामात चालली आहे हे पाहून स्वतःच्या पणज्यावरसुद्धा चिडला. फक्त रबराला एक शब्द बोलला नाही. जोडमोह्याच्या पुढे एका खड्ड्यात त्याच्या पाठीत कट् असा आवाज झाला. त्यानंतर तो श्वासही बेतानं घेऊ लागला.

सासुरवाडीच्या दारात गाडी थांबली. मेहुणा उत्तमसिंग पाण्याचा तांब्या घेऊन आला.

"या, जवाईबुवा. उतरा."

धावजीनं पाय उचलायचा हुकूम दिला. पायानं तो ऐकला नाही. पण मेहुण्यासमोर कंबर गेली म्हणायचं? त्यापेक्षा जीव गेलेला बरा!

"राहू दे," तो दात आवळून म्हणाला.

दारात येऊन जावई उतरत नाही म्हणजे घोर अपमान झालेला असणार. पाच मिनिटांत निम्मा तांडा गाडीभोवती जमला. खिडकीतून चहा आला. धावजीला मान वळवता येईना.

"चहाले पाह्यतही नाही!" एक म्हातारी हळहळली.

मग तांड्याचे नायक आले. त्यांनी धावजीचा लालबुंद चेहरा पाहिला आणि उत्तमसिंगकडे वळले. "काय केलं तू?"

"काहीच नाही, नायक!"

"जवाई असा रुसत नसते. आठव."

उत्तमसिंगनं घाम पुसला. "एक हाय. आमच्या पोरीच्या, सोनूच्या लग्नात यायच्या ताटात मी मुद्दाम हाडं-हाडं वाढलती. चुकलो, जवाईबुवा."

धावजीला हे ठाऊकच नव्हतं. त्याचं रक्त उकळलं, तो मेहुण्याच्या अंगावर जायला उसळला, आणि जागच्या जागी असा कळवळला की डोळ्यांतून पाणी आलं.

"अरे, रडून राह्यला जवाई!" नायकांनी स्वतः हात जोडले. टॉवेल-नारळ आणायला माणूस पळाला.

तेवढ्यात गर्दीतून जमनी पुढे आली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, स्टिअरिंगवर पांढऱ्या पडलेल्या बोटांकडे पाहिलं आणि खिडकीत वाकली.

"कंबर ना?" ती हळूच म्हणाली.

"हो."

बावीस वर्षांच्या संसारात त्यानं बायकोला इतक्या पटकन कधी हो म्हटलं नव्हतं. जमनीचे डोळे मात्र निवले नाहीत.

"मी दोन वरसं सांगून राह्यली, माही कंबर दुखते. तवा तुमी काय म्हणे?"

सारा तांडा कान देऊन उभा होता. धावजी पुटपुटला, "सीट नीट धर म्हणो."

"मंग धरा आता."

ती आत निघून गेली. चौघांनी मिळून धावजीला गाडीतून उचलून बाजेवर टाकलं. पांढरकवड्याच्या डॉक्टरनं तपासलं आणि पंधरा दिवस जागचं हलायचं नाही म्हणून बजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जमनी पिशवी भरून बाजेपाशी आली. धावजीचा जीव भांड्यात पडला.

"चाललो का आपण घरी?"

"मी चालली, एसटीनं. म्हशी कोण पाह्यन?"

"अन् मी?"

"तुमाले हालाले मनाई हाय."

आणि जिला न्यायला तो एवढ्या लांब आला होता, ती एकटीच घरी गेली. धावजी राठोड पंधरा दिवस बायकोच्या माहेरी राहिला.