पाळणा लांबवला!

पाळणा बेडरूममधून हॉलमध्ये हलवायचा असं मी ठरवलं, तेव्हा माझा हेतू अगदी शुद्ध होता. (खोटं बोलतोय. मी पोरावर जळत होतो.)

जळत होतो म्हणजे काय, नुसता कोळसा झालो होतो! हा चार महिन्यांचा गृहस्थ. तोंडात दात नाही, डोक्यावर केस नाहीत, पण बायकोशेजारची माझी जागा त्यानं बिनबोभाट बळकावली. मी "अगं" म्हटलं की हा "ट्यांहा" करणार, आणि ती तिकडे वळणार. बाईमाणसाला निदान 'सवत' हा शब्द तरी आहे. नवऱ्यानं या प्राण्याला काय म्हणायचं?

अशात आम्ही त्याला लस टोचायला दवाखान्यात गेलो. सिस्टर बायकोला कोपऱ्यात घेऊन हळू आवाजात काहीतरी समजावत होत्या. मी दाराशी दुपट्यांची पिशवी घेऊन उभा. माझ्या कानावर एवढंच पडलं, "पाळणा लांबवायचाय ना? मग आत्ताच काळजी घ्या."

देव पावला! (पाळणा लांबवणे म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण जळणाऱ्या माणसाला हवं तेवढंच ऐकू येतं.)

घरी आल्याआल्या मी पाळणा हॉलच्या पार टोकाला नेला. येताना पावडरच्या दुधाचा डबा आणि बाटलीही घेतली होती.

"अहो, हे काय?"

"सिस्टरच म्हणाल्या ना, पाळणा लांबवा म्हणून!"

बायको लाजली. "तुम्ही ऐकलंत वाटतं सगळं?"

"मग! आता रात्रीचं बाटलीचं मी बघतो. तू झोप."

बिचारी जागरणांनी इतकी पिचली होती की तिनं पुढे काही विचारलंच नाही. मी आपला खूश.

पुढच्या आठवड्यात वजन करायला गेलो. सिस्टरनी विचारलं, "अंगावरचंच पाजताय ना?"

मी छाती काढून सगळा पराक्रम सांगितला. सिस्टर मटकन खुर्चीत बसल्या.

"अहो महाराज, पाळणा लांबवायचा म्हणजे पुढचं मूल लांबवायचं! बाळ सहा महिन्यांच्या आतलं, आईला पाळी आलेली नाही आणि दिवसरात्र फक्त अंगावरचं दूध, तोवर ते दूधच राखण करतं. तुम्ही बाटली आणून राखणदारालाच घरी पाठवलंत!"

"म्हणजे... दुसरा?"

"येऊ शकतो की!"

एकावर जळून कोळसा झालो होतो, दुसरा आला असता तर राखच झाली असती!

तपासणीत तसं काही निघालं नाही. सिस्टरनी सुटकेचा निःश्वास सोडून इतर चार उपाय सांगितले. बायकोनं सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "मला यापेक्षा खात्रीचा सुचलाय."

पाळणा परत बेडरूममध्ये गेला. हॉलच्या पार टोकाला, चपलांच्या रॅकपाशी, आता माझी गादी असते.

परवा आईच्या कडेवरून माझ्या गादीकडे बघून पोरगं पहिल्यांदाच खदखदून हसलं. बायको म्हणते, या वयात मुलं उगीचच हसतात.

उगीच नाही. मी ओळखतो त्याला.