तळघरातला धूप

नाकाच्या बाबतीत मुरलीधररावांचा हात धरणारं नॉटिंगहॅममध्ये कोणी नव्हतं! शेजारच्या गोऱ्या म्हातारीचा टोस्ट करपला तर तिच्याआधी यांना कळायचं. त्यामुळे लेक ऋजुता त्यांना गावाबाहेरच्या जुन्या हवेलीचं तळघर दाखवायला घेऊन गेली, तेव्हा पायरीवरच त्यांनी निकाल दिला. "शी! काय हा कुबट वास!"

"बाबा, वाईन सेलर असंच असतं." ऋजुता इथे जुन्या वाईनचा संग्रह सांभाळायला प्रोबेशनवर होती. आज लंडनहून तज्ज्ञ येऊन जुनी वाईन चाखणार होते. त्यांना पसंत पडली तर हवेलीच्या मालकीणबाई संग्रह ठेवणार आणि हिची नोकरी पक्की होणार. पोरीचा चेहरा बाहेरच्या भरून आलेल्या आभाळासारखा झाला होता. "मी त्यांना घेऊन येते. तुम्ही प्लीज कशाला हात लावू नका."

मुरलीधररावांनी कश्शाला हात लावला नाही! देवळात द्यायच्या चंदनाच्या धूपकांड्या खिशात होत्या, त्यातल्या फक्त चार पेटवल्या. असल्या कोंदट जागेत पसंती कोण देणार? धूर झाला की वाजणारा भोंगाही बिचारा गप्प राहिला.

तज्ज्ञांना घेऊन आलेली ऋजुता दारातच थबकली. "बाबा! काय केलंत हे? गेली माझी नोकरी!" तिचे डोळे भरून आले. मुरलीधररावांनी घाईघाईने कांड्या विझवून खिशात कोंबल्या.

तज्ज्ञ हॉब्सनसाहेबांनी बाटली उघडली, ग्लास नाकाशी नेला आणि डोळे मिटले. "चंदन!" ते पुटपुटले. "वाईनला असा गंध? उभ्या आयुष्यात हुंगला नाही!"

"बघ," मुरलीधररावांनी लेकीला कोपराने ढोसलं. "बाप आहे मी तुझा!" ऋजुता पहिल्यांदाच हसली.

मग साहेबांना वाईनचा रंग उजेडात बघायचा होता. सगळे वर बागेत आले. पाऊस भुरभुरत होता. साहेबांनी पुन्हा वास घेतला, कपाळाला आठी घातली, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "व्हिनेगर!"

दुसरी बाटली, व्हिनेगर. तिसरी, तेच. अख्खा संग्रह केव्हाच आंबला होता. त्याच्याबरोबर ऋजुताची नोकरीही गेली.

परतीच्या बसमध्ये ती काचेबाहेर बघत होती. "आणि मालकीणबाईंनी तुम्हाला बाजूला का बोलावलं?"

"तळघर आता पर्यटकांना दाखवणार म्हणे." मुरलीधरराव खाली बघत म्हणाले. "दर शनिवारी धूप लावायला माणूस हवाय."

"मग?"

"मला फार वाईट वाटतंय गं तुझं. अगदी मनापासून." त्यांनी खिशातल्या धूपकांड्या चाचपल्या. "पण मला प्रोबेशन नाही म्हणाल्या!"