कापसाच्या गडावरून बाटली सोडविल्याची हकीकत

समस्त लेकुरवाळ्या मंडळींस विज्ञापना ऐसी जे, सेलू परगणियात दत्तरावांचे घरी जो रणसंग्राम जाला तो येथे लिहितो. पदरचे रतीभर घातले नाही, घातलेच असेल तर मौजेखातर.

दत्तरावांची नात अर्पिताबाईसाहेब, उमर पावणेदोन वर्षे. चालणे यथातथाच, परंतु चढणे अफाट. पहिले स्वारीत पोत्यावरून कूलर, कूलरवरून फळी काबीज केली आणि आजोबांचा चष्मा मोडिला. त्याच फळीवर फवारणीचे औषधाची बाटली होती. ती पाहोन दत्तरावांनी नातीस झडप घालोन खाली घेतिले. मग फर्मान सुटले की बाटली सर्वांत उंच फळीवर जावी, आणि पोती अंगणात, आणि कूलर न्हाणीत, आणि स्टूल-खुर्च्या आढ्यास टांगाव्या. भिंतीलगत पाय ठेवण्यापुरतीही वस्तू राहिली नाही. सूनबाई बबिताबाईंनी अर्ज गुजारिला, "मामा, बाटलीच घराबाहेर न्या की!" हुकूम जाला, "आता कुठं पुरायलाय तिचा हात? लय उंच हाय."

ऐशात वेचणी जाली. भाव चढेल या उमेदीवर दत्तरावांनी दरसालचे रिवाजाप्रमाणे अवघा कापूस माजघरात ओतविला. आणि जागा मोकळी होती ती नेमकी बाटलीचे उंच फळीखाली. ढीग फळीस भिडला. बंदोबस्ताचे ध्यान कोणास राहिले नाही.

दुसरे दिवशी दुपारी बाईसाहेबांनी गड सर करोन बाटलीस हात घातिला. बबिताबाईंनी हंबरडा फोडिला आणि धावल्या, त्या गुडघाभर रुतल्या. दत्तराव धावले, ते कमरेपावेतो गेले. हलके लेकरू तेवढे वर खुशाल. मग आजी कडूबाईंनी शेंगदाण्याचा लाडू उंच धरिला. लाडू थोर, एका मुठीत न मावणारा. बाईसाहेबांनी एकवार लाडू पाहिला, एकवार बाटली पाहिली. आणि बाटली सोडोन दोन्ही हात पुढे केले. बाटली कापसात पडली, बूच शाबूत. बबिताबाईंनी ती उचलिली आणि त्यांस रडू आवरेना.

"मामा, ही आता आखाड्यावर, कुलपात. किल्ली माझ्यापाशी."

"तुझं खरं हाय, बबिता. चुकी माझीच हाय," ऐसे दत्तराव कापसातूनच बोलिले.

बाटली त्याच दुपारी शेतातल्या आखाड्यावरचे खोपीत, लोखंडी पेटीत जेरबंद जाली. मोहीम फत्ते, ऐसी नोंद केली असे. गड मात्र बाईसाहेबांनी सोडिला नाही, सबब कापूस विकेपावेतो तो त्यांजकडेच बहाल केला. आणि पायथ्याशी दोन्ही हात पसरोन उभे राहण्याची चाकरी आजोबांकडे आली.