नावं ठेवून विकलेला माल

माझ्या मालाला जेवढी नावं भगवंतरावांनी ठेवली तेवढी आजवर कोणी ठेवली नाहीत. मी त्यांच्या ओट्याला सायकल टेकवली, की ते चष्मा धोतराला पुसत, एखादी किसणी उचलत, उलटीसुलटी करून पाहत, चक्क तिचा वास घेत आणि विचारत, "काय कामाची हे?" किसणीचा वास घेणारं दुसरं गिऱ्हाईक मला भेटलेलं नाही. गिऱ्हाईक तरी कसं म्हणावं, त्यांनी कधी काही घेतलंच नाही.

मी अकोल्याचा लतीफ. गाळण्या, किसण्या, चाळण्या असा बारीकसारीक माल घेऊन एसटीने तेल्हारा गाठायचा आणि तिथे मावशीकडे ठेवलेल्या सायकलवरून खेडी करायची, हा माझा धंदा. कापसाचं सगळंच बिनसलेली ती वर्षं. ठोक बाजारातले लोक म्हणत, तिकडे खायची मारामार, तुझी गाळणी कोण घेणार? घरी बायकोनेही बजावलं होतं, की या खेपेला पोतं भरलेलं परत आलं तर धंदा बंद, आणि मी पुण्याला वॉचमन. मला वॉचमन व्हायचं नव्हतं. खेड्यांत माल खपत नसला तरी पाणी, भाकरी न विचारता कोणी मला दारावरून घालवलेलं नव्हतं. असे रस्ते सोडून एका फाटकापाशी बसायचं माझ्या जिवावर आलं होतं.

भगवंतरावांना मूलबाळ नव्हतं, बायकोही गेलेली. जिभेला हाड नाही. लग्नात जेवून उठले, की वरण पाणचट होतं हे नवरदेवाच्या बापाला सांगूनच घरी येत. शेजारणीची नवी साडी दिसली, की पहिल्या धुण्यात रंग जाईल म्हणून मोकळे. त्यांना येताना पाहून लोक दार ओढून घेत.

त्या खेपेला भर उन्हात त्यांच्या ओट्याशी पोचलो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. ऊन लागलं होतं. भगवंतरावांनी मला धरून आत निजवलं, तळपायांना कांदा चोळला, पन्हं पाजलं. मी पुटपुटलो, की माल विकायला हवा, नाहीतर माझं काही खरं नाही. "निज गुमान," ते म्हणाले, आणि पोतं खांद्यावर टाकून बाहेर पडले.

मी कपाळाला हात लावला. हा माणूस विकायला गेला म्हणजे पुण्याचं तिकीटच काढायचं. तेवढ्यात समोरच्या घरातून त्यांचा आवाज आला. "जाळी पातळ हाय. दिवाळीपर्यंत चालते, मंग फेकून देजा." आणि त्या घरातल्या बाईने गाळणी घेतली. पडल्या पडल्या माझ्या ध्यानात आलं. ज्याने जन्मात कशाला चांगलं म्हटलं नाही, तो दिवाळीपर्यंत चालते म्हणतो, तर ती नक्की चालणार.

संध्याकाळी अर्धं पोतं रिकामं करून ते परतले. एवढा माल माझ्या हातून कधी खपला नव्हता. माझा धंदा वाचला होता. मी त्यांचे दोन्ही हात धरले आणि रडलो, लाज न बाळगता.

त्यांचं लक्षच नव्हतं. ते रंगात आले होते. समोर चहा झाला, पलीकडे पोहे, त्याच्या पुढच्या घरी तर सुनेने बसायला सतरंजी टाकली. "साखर निरा कमी," ते खुशीत म्हणाले. मग म्हणाले, "बायको गेल्यापासून कोन्या घरात पाय नोता ठेवला मी."

सकाळी मला बरं वाटलं. मी सायकलला पोतं बांधत होतो, तेव्हा ते येऊन उभे राहिले.

"तोंड उतरेल दिसते तुह्यं. आजचा दिवस पडून राय."

"ठणठणीत आहे मी, काकाजी."

त्यांनी पोत्याचं टोक धरलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "वरची आळी राह्यली ना माही. निमित्ताशिवाय कसं जाऊ मी तिकडे?"

मी दोरी सोडली, पोतं त्यांच्या खांद्यावर दिलं आणि आत जाऊन पुन्हा आजारी पडलो.