कलम चौदा आणि पुडिंगची दुसरी वाटी

शिष्टाचारात माझा हात धरणारा अजून जन्माला यायचाय! हे मी म्हणत नाही, मी लिहिलेली पुस्तिका म्हणते. आमच्या दूतावासात मी शिष्टाचार अधिकारी. कोणी कुठे बसायचं, कोणी आधी हसायचं, सगळं माझ्या हातात.

यंदा देशाला जागतिक मंडळात कायमची खुर्ची हवी होती. इतर देश त्यासाठी सैन्य दाखवतात, कर्जं वाटतात. मी राजदूतसाहेबांना म्हटलं, "साहेब, नुसतं जेवायला बोलवा. माणसं खाल्ल्या मिठाला जागतात!"

साहेब महिनाअखेर निवृत्त होणार होते. खुर्ची न मिळवता घरी गेलो तर बायको दार उघडणार नाही, अशी त्यांना खात्रीच होती.

मतदान तीनला, रस्त्यापलीकडच्या सभागृहात. तळ्यात-मळ्यात करणारे अकरा राजदूत मी हेरले, दुपारी एकला टेबल मांडलं आणि प्रत्येक ताटाशेजारी माझी पुस्तिका ठेवली. जेवण असं रंगलं, की अकराच्या अकरा जणांनी मत कबूल केलं! पावणेतीनला हात पुसायचे आणि सगळी वरात थेट मतपेटीपाशी!

अडीचला पुडिंगची दुसरी वाटी संपवून आजोबांनी डोळे मिटले. आजोबा म्हणजे एका चिमुकल्या बेटाचे राजदूत. वय ब्याऐंशी, सेवेत सर्वांत ज्येष्ठ. आणि पुस्तिकेतलं कलम चौदा स्पष्ट आहे : ज्येष्ठ पाहुणा उठल्याशिवाय टेबलावरून कोणीही उठू नये.

पावणेतीन वाजले. कोणी हलेना.

"उठवा त्यांना!" साहेब ओठ न हलवता म्हणाले.

"साहेब, ज्येष्ठ पाहुण्याला हात लावणं कलम सोळात बसत नाही."

"मग मीच उठतो!"

समोरच्या राजदूतबाईंनी कलम चौदावर बोट ठेवलं आणि गोड हसल्या. अर्धे उठलेले साहेब पुन्हा पूर्ण बसले.

मी खोकलो. चमचा पाडला. स्वयंपाक्याला खूण केली, तर त्याने बशांचा अख्खा ट्रे फरशीवर आपटला! खालचा पहारेकरी बंदूक घेऊन वर धावत आला. आजोबांची मान मात्र छातीवर आणखी दोन इंच उतरली. मिठाला जागायचं राहू द्या, माणूस मुळात जागा तर हवा!

सभागृहातून आमच्या कारकुनाचा फोन. "सर, मतदान सुरू झालं! आपलं कोणीच दिसत नाही!"

"सगळे आपल्याच बाजूचे आहेत रे," मी कुजबुजलो. "फक्त बसलेले आहेत."

तीन पंचवीसला पुन्हा फोन. "सर, नऊ मतांनी पडलो."

अकरा मतं आमच्या टेबलावर. बारावं, आमचं स्वतःचं, टेबलाच्या टोकाला घाम पुसत होतं.

तेवढ्यात आजोबांनी टवटवीत डोळे उघडले. "झालं मतदान?"

"झालं." साहेबांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा.

"अरेरे! मला वाटलं, पुढे ढकललं. यजमान उठायचं नावच घेईनात!"

"म्हणजे तुम्ही जागे होतात?"

"ट्रे पडल्यावर कोण झोपेल हो? पण यजमानांनी खुर्ची सोडल्याशिवाय पाहुण्याने उठू नये ना! म्हटलं, डोळे मिटून वाट बघू." त्यांनी पुस्तिका साहेबांपुढे सरकवली. "कलम अठ्ठेचाळीस. फार छान लिहिलंय. कोणी लिहिलंय?"

साहेबांनी सावकाश मान माझ्याकडे वळवली.

मी घाईघाईने टेबलाखाली शिरलो. मघाशी पाडलेला चमचा समोरच होता. पण मी तो बराच वेळ शोधत राहिलो.