उडीचा खुलासा

"घोडा अद्याप उडी का मारत नाही, याचा लेखी खुलासा करावा." रायडिंग क्लबच्या अध्यक्षांचं पत्र मास्तरांनी वाचून दाखवलं, तेव्हा त्यांची बायको भाजी निवडत होती.

"खुलासा घोड्याकडे मागा म्हणावं. आणि जावई आज जेवले का?"

शर्यतीतून निवृत्त झालेल्या त्या उंच, तापट घोड्याला जावई हे नाव तिनेच ठेवलं होतं. कारण घरी आल्या आल्या मास्तर त्याच्या खाण्यापिण्याची आणि रुसव्याफुगव्याची हकिकत सांगत. अठ्ठावीस वर्षं मास्तर घोडे तयार करत होते आणि स्पर्धेत त्यांच्यावर दुसरेच मिरवत होते. गुडघे पार संपायच्या आत एक तरी घोडा स्वतः स्पर्धेत न्यायचा, एवढीच त्यांची हाव होती. अध्यक्षांनी तसा शब्दही दिला होता. मात्र महिनाअखेर उडी दिसली नाही, तर घोडा विकायचा.

शर्यतीच्या मैदानाने जावयाला एकच धडा दिला होता: लगाम ताणला की जीव खाऊन पळायचं. मास्तरांनी त्याच्याशी वाद घातला नाही. लगाम सैल सोडला की थांबायचं, एवढं मात्र त्याच्या गळी उतरवलं. मग जमिनीवर एक दांडा ठेवला. पहिला आठवडा जावई त्या दांड्याला साप समजून लांब उभा राहिला. दुसऱ्या आठवड्यात वीतभर उंचीच्या दांड्यावरून त्याने अशी झेप घेतली, जशी काही खाली नदीच होती. मास्तरांची टोपी उडाली, पाठीत चमक भरली, आणि आनंदाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी अध्यक्ष नवे कोरे बूट घालून आले. "मास्तर, उतरा. आज मीच बसतो."

"बसा साहेब. फक्त लगाम ओढू नका. थांबवायचा असला तर सैल सोडा."

"मला शिकवताय?"

साहेबांनी बसल्या बसल्या लगाम ओढला. जावई सुटला. साहेब घाबरून आणखी ओढायला लागले, तसा तो आणखी पळाला. दांडा गेला, बाकडं गेलं, चहाचं टेबल कपबशांसकट पोटाखालून गेलं. शेवटी साहेबांनी लगाम टाकून घोड्याच्या गळ्यालाच मिठी मारली, आणि जावई शहाण्यासारखा जागच्या जागी थांबला. टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांचा श्वास परत आला, पाठोपाठ आवाजही.

"बघितलंत? घोडा असा काबूत आणायचा असतो!"

त्याच संध्याकाळी जावई साहेबांच्या बंगल्यावर गेला. स्पर्धेत आता साहेबच बसणार होते.

"आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत?" बायकोने विचारलं.

"बोललो ना. अभिनंदन म्हणालो."

तिने हातातलं पातेलं जरा जोरातच आदळलं.

चौथ्या दिवशी सकाळी मास्तर तबेल्यात पोहोचले, तर जावई आपल्या जागेसमोर उभा. साहेबांनी अंगणात पुन्हा लगाम ओढला होता. बंगल्याची भिंत चांगली चार फुटी. ती ओलांडून जावई एकटाच आला. साहेब आतल्या बाजूला, गुलाबाच्या वाफ्यात राहिले.

दुपारी पत्र आलं. "घोड्यास उडी मारण्यास कोणाच्या परवानगीने शिकवले, याचा लेखी खुलासा करावा. घोडा विकण्यात येत असून, शिकवलेली उडी पुढील महिनाअखेरपर्यंत विसरवण्यात यावी."

मास्तर हसायला लागले. हसता हसता चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. स्पर्धा गेली होती, घोडाही जाणार होता.

"आता काय लिहिणार?" बायकोने हळूच विचारलं.

"लिहितो, काम अवघड आहे. रोज दोन तास मला स्वतःला बसावं लागेल."

मंजुरी आली, तेव्हा तेवीस दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी जावयाला मैदानात आणलं आणि दांडा आणखी एक वीत वर चढवला.